धर्माचा रकाना

"पुढचं नाव वाचा," मिसेस डोलन म्हणाल्या, "आणि जरा मोठ्यानं."

प्रल्हादरावांनी चष्मा पुसला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. अमेरिकेत कॅरी गावातल्या या म्हाताऱ्यांच्या इमारतीत दोघांची दारं समोरासमोर. मिसेस डोलनची नजर गेली होती, प्रल्हादरावांची बायको गेली होती. त्यामुळे दर मंगळवारी दुपारी एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, हे आपसूक ठरून गेलं होतं. शनिवारी सुलेखाला जाऊन वर्ष होणार होतं. या वर्षात प्रल्हादरावांशी न चुकता रोज बोलली ती फक्त लिफ्टमधल्या रेकॉर्डवरची बाई, तीही मजला सांगण्यापुरती.

वाचन चाललं होतं ते आयर्लंडमधल्या १७६६ सालच्या एका यादीचं. तिथल्या पार्लमेंटनं पाद्र्यांना आपापल्या गावची कुटुंबं मोजायला लावली होती. प्रोटेस्टंट किती आणि पेपिस्ट, म्हणजे पोपला मानणारे कॅथलिक, किती. मूळ कागद बहुतेक सगळे १९२२ साली डब्लिनच्या आगीत गेले. हौशी लोकांनी आधीच हातानं उतरवून ठेवलेलं तेवढं उरलं. मिसेस डोलनना त्यात नवऱ्याचे पूर्वज शोधायचे होते. राज्य प्रोटेस्टंटांचं होतं तरी आमचं घराणं कधी कुणापुढे वाकलं नाही, कॅथलिक ते कॅथलिकच राहिलं, असं नवरा जन्मभर ऐकवत आला होता.

प्रल्हादरावांना या कामाची जुनी सवय. नागपूरला ते शाळामास्तर होते आणि जनगणनेची ड्यूटी त्यांनी तीनदा केली होती. प्रत्येकाला वेगळं विचारा, असं ट्रेनिंगमध्ये सांगत. पण भर उन्हात दीडशे घरं हिंडायची, तर एकेकाच्या तोंडाकडे कोण बघत बसणार? घरच्या कर्त्याला धर्म विचारायचा आणि खाली सगळ्यांच्या रकान्यात तोच उतरवत जायचं. इथेही ओळीमागून ओळ फक्त कर्त्याचं नाव, त्याचा धर्म आणि घरातल्या माणसांचा आकडा. हा अडीचशे वर्षांपूर्वीचा पाद्री त्यांना आपल्याच स्टाफरूममधला वाटला.

मग ती ओळ आली. पॅट्रिक डोलन, प्रोटेस्टंट. त्याच्यापुढे लहान अक्षरात, बायको पेपिस्ट.

मिसेस डोलन पोट धरून हसल्या. म्हणजे वाकली नव्हती ती पॅट्रिकची बायको, पॅट्रिक नव्हे. हे ऐकायला त्यांचा नवरा हवा होता, असं म्हणताना त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"बाकी कुठेच बायकोचं काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इथे मात्र कुणीतरी तिला विचारलं."

प्रल्हादराव चहाला थांबले नाहीत. समोरचं दार उघडून आपल्या रिकाम्या घरात आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

सुलेखा नागपुरात इंदोऱ्याची. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. प्रल्हादराव ब्राह्मणाघरचे. घरच्यांशी उभा दावा मांडून त्यांनी रजिस्टर लग्न केलं. मी जातधर्म मानत नाही, असं ते चारचौघांत छाती पुढे काढून सांगत, आणि खरंच मानत नसत. त्यामुळेच की काय, तिला काय वाटतं हे विचारायचं बेचाळीस वर्षांत त्यांना सुचलं नाही. आपल्याच घराचा फॉर्म भरताना त्यांनी स्वतःपुढे हिंदू लिहिलं आणि खाली बायको-मुलीपुढे तेच उतरवलं. गणपतीत ती मोदक करायची, कुरकुर नव्हती, म्हणजे तिचं काही म्हणणं नाही असं ते धरून चालले. गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्ये नर्सनं सुलेखाला धर्म विचारला, तेव्हाही उत्तर यांनीच दिलं. सुलेखा त्यांच्याकडे बघून किंचित हसली होती. आणि परवा वर्षश्राद्धासाठी गुरुजींचा ऑनलाइन फॉर्म आला, त्यात त्यांनी तिच्या नावापुढे आपलं गोत्र भरलं. तिच्यासाठी काहीतरी करायला हवं होतं आणि त्यांना एवढंच करता येत होतं. आता त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्यांनी जवळच मॉरिसव्हिलला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. अस्मिता मीटिंगमध्ये होती. अर्जंट आहे का, म्हणून तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"शनिवारचं श्राद्ध कॅन्सल करायचं का, ते मला ठरवायचंय," प्रल्हादराव म्हणाले. "तुझ्या आईचा धर्म कोणता होता गं?"

 पलीकडे खुर्ची सरकली, दार लागलं. अस्मिता बाहेर कॉरिडॉरमध्ये आली असावी.

तिनं सगळं सांगितलं. आई दर रविवारी सकाळी तिच्याकडे जायची ती नातीला सांभाळायला, असं प्रल्हादराव समजत होते. तिथे वरच्या खोलीत बुद्धाची एक लहानशी मूर्ती होती. आई तिच्यापुढे मेणबत्ती लावायची आणि लहानपणी शिकलेली वंदना म्हणायची. आठ वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता.

 आपण इतके परके होतो का, असं प्रल्हादरावांना विचारायचं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की आठ वर्षांत तू तरी मला का सांगितलं नाहीस.

"आईनं बजावलं होतं, बाबा," अस्मिता म्हणाली. "म्हणायची, तू आपणहून सांगू नकोस, एक दिवस ते विचारतील, तेव्हा सांग. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशीसुद्धा, तुम्ही खाली कॉफी आणायला गेलात ना, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, 'काही विचारलं का गं त्यांनी?'"