दर्शनाचं बटण

सकाळपासून चौथ्यांदा भिवा उघड्याने बटण दाबलं आणि बिबट्याची मादी कपारीतली दूधपिती पिल्लं टाकून मुकाट खडकावर येऊन बसली. मेंदूत बसवलेली चकती बोलावेल तिथे तिला जावंच लागे. हा खडक वाघोबाचा. भिवाच्या आज्याच्या काळी जोडे काढल्याशिवाय इथे कोणी फिरकत नसे. आता पायथ्याला पर्यटकांचा तंबू होता आणि वाघोबाच्या शेंदरावर वेफर्सची पाकिटं.

"गार्डदादा, ही जांभई का देत नाही?" तंबूतल्या सोफ्यावरून पर्णिकाताईंनी विचारलं. "मागच्या वेळी दिली होती."

"पिल्लं उपाशी आहेत, ताई. सोडतो तिला."

"तिकीट तासाचं आहे ना? शिवाय केवढी लांब बसलीय. जवळून दाखवा की."

भिवाने बटणाचं यंत्र पुन्हा हातात घेतलं.

"किती जवळून?"

"अगदी जवळून."

भिवाने यंत्रावरचं 'खडक' खोडून 'तंबू' लिहिलं आणि तो जाळीच्या गाडीत जाऊन बसला.

मादी तंबूच्या दारात आली मात्र, मंडळी मागच्या बाजूने पसार झाली. भिवाने लगेच चकती बंद केली. ती पिल्लांकडे परतली.

मग तो खाली उतरला. वाघोबासमोर कित्येक वर्षांनी जोडे निघाले होते, चांगले अकरा जोड.