तारांखालची हद्द

हेडफोनमध्ये नुसता गोंगाट चालला होता. जयदीपने मेटल डिटेक्टरची चकती जमिनीवरून उचलली, तरी आवाज थांबेना. त्याने वर पाहिलं. शेताच्या डोक्यावरून चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या हाय टेन्शनच्या तारा गुणगुणत होत्या.

"काय घावलं का?" तात्याबाने विचारलं.

"वरच्या तारांचा त्रास होतोय. करतो बंदोबस्त."

जयदीप हिंजवडीत नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचा, आणि आजवर रिकाम्या हाताने परतला नव्हता. आज शोधायचा होता बैलगाडीचा मोडका लोखंडी आस. तात्याबा आणि त्याचा थोरला भाऊ सोनबा यांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, तो हद्दीवर पुरला होता. पुढे बांध नांगरटीत गेला, खुणेची जागा विसरली आणि भावांचं बोलणंही तुटलं. सरकारी मोजणी सोनबाला मान्य नव्हती. आबांच्या हातची खूण दाखवा, एवढंच तो म्हणायचा.

तात्याबाने रानडुकरांसाठी म्हणून तारेचं कुंपण घालून त्यात विजेचे झटके सोडणारं झटका मशीन बसवलं होतं. पलीकडे सोनबाचं घर. त्याच्या मागे कंपनीची भिंत उभी राहिली, आणि रस्त्याकडे जायला भिंत नि कुंपण यांच्यामधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ उरली. सोनबाची बायको सरूबाई आजारी. तिला दवाखान्यात न्यायचं तर खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावं लागे. जयदीपने सकाळीच ते पाहिलं होतं. तेव्हापासून तात्याबा त्याच्या मनातून उतरला होता.

"आधी एक ठरवू," जयदीप समोर उभ्या दोघा भावांना म्हणाला. "आस सापडेल तिथं हद्द. मागनं कुरकुर नको."

"कबूल," तात्याबा म्हणाला. सोनबाने दुसरीकडे बघत मान हलवली.

जयदीपने सगळ्यांचे मोबाइल लांब ठेवायला लावले. गोंगाट थोडा कमी झाला, पण मागून टक् टक् असा ठोका येतच होता.

"हे तुमचं झटका मशीन. बंद करा."

त्याचं वाक्य संपायच्या आत तात्याबा पळाला आणि बटण दाबून आला. ठोका थांबला. जयदीपने यंत्राची फ्रिक्वेन्सी बदलली, संवेदनशीलता उतरवली. हेडफोन शांत झाले.

"एवढं कमी केल्यावर खोलातलं कळंल का?"

"चकती जमिनीला घासत, हळू चाललं की कळतं, तात्या. माझ्यावर सोडा."

कुंपणाच्या कडेने काहीच लागलं नाही. जयदीप तात्याबाच्या रानाकडे वळला, तसा तात्याबा आडवा आला.

"तिकडं कशापाई? ते माझं रान हाय!"

"यंत्राला रान कुणाचं ते कळत नाही. बाजूला व्हा."

जयदीप हट्टाने पुढे गेला. कुंपणापासून ट्रॅक्टर सहज वळेल एवढ्या आत, कानात खणखणीत सूर वाजला. चकती आडवी फिरवली, उभी फिरवली. सूर हलेना.

"इथं खणा."

रान नुकतंच नांगरलेलं, माती भुसभुशीत. सोनबाच्या खोऱ्याला लोखंड लागलं. गंजलेला आस वर आला तसा सोनबा खाली बसला आणि त्यावरून हात फिरवत राहिला.

"आबांचाच हाय," तो म्हणाला. "आमाला कुणाचं फुकट नको. पर आमचं हाय ते घेणार. वाट पाडणार."

तात्याबाने डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. "बुडालो! चांगलं काळंभोर रान गेलं!"

"शब्द दिलाय तुम्ही," जयदीप ठामपणे म्हणाला.

तात्याबा बडबडत गेला आणि कुंपणाचे खांब उपटायला लागला. जयदीपने समाधानाने यंत्र आवरलं. आज त्याने नुसतं लोखंड शोधलं नव्हतं, एक अन्याय उकरून काढला होता.

गाडीपाशी तात्याबाने त्याला गाठलं. आता शिव्या ऐकाव्या लागणार, म्हणून जयदीप ताठ उभा राहिला. तात्याबाने मागे वळून पाहिलं. सोनबा लांब होता.

"दादा लई मानी, साहेब. दोनदा निरोप धाडला, वैनीसाठी माझ्यातनं वाट घे. दिलेलं घेत न्हाई." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "तारांखाली तुमचं यंत्र बोंबलाय लागलं, तवा जीव टांगणीला लागला माझा. म्हनलं, परवा कुंपणाच्या बुडातनं आस उपटून एवढा आत माझ्या रानात आणून पुरला, अन् आता घावतोय का न्हाई!"