पोटातल्याचा वाटा

डुक्कर खड्ड्यात गेलं, त्यावर चुना पडला, माती पडली, तरी माणसं घरी जाईनात. वाटे व्हायचे होते.

खाडीकाठच्या या पाणथळ उद्यानात वर्षातून एकदा ठरवून शिकार होते. तिवरांच्या झाडीत रानडुकरं फार माजली की पाणपक्ष्यांची अंडी फस्त करतात आणि कुंपणापलीकडची भातंही आडवी करतात. मग परवानगी निघते. त्या दिवशी पर्यटकांना फाटक बंद, बंदूक परवान्यातली आणि हाकारे घालायला गावचीच माणसं. अट एकच, जनावर पुरायचं, मांसाला कुणी हात लावायचा नाही. गावाला हे काही पटलं नव्हतं. वाटे न घालता शिकारीवरून परतलं तर रान पुढच्या खेपेला माणूस मागतं, असं जुनी माणसं सांगत आलेली. शेवटी गावचे वाटे घालणाऱ्या भागोजीतात्यांनी मांसाच्या जागी खोबरं आणलं. सागाच्या पानावर खोबऱ्याचा तुकडा, की झाला वाटा. वनरक्षक बिचारा खोबऱ्यावर काय गुन्हा नोंदवणार? त्यानेही स्वतःसाठी एक पान मागून घेतलं.

रीत साधी होती. तात्यांनी नाव पुकारायचं, त्या माणसाने ‘हाय’ म्हणून पुढे यायचं आणि पान घ्यायचं. ज्याची ओ येणार नाही त्याचा वाटा खड्ड्यावरच्या मातीत ठेवून द्यायचा.

रितेश उद्यानात होडी चालवायचा, आलेल्यांना पक्षी दाखवायचा. आज मात्र सकाळपासून तोही मांडीभर चिखलातून हाकारे घालून आला होता. त्याचं नाव आलं. ‘हाय’ म्हणून त्याने पान घेतलं, आणि आता पुढे काय येणार ते त्याला आठवलं.

घरात बाई गरोदर असली की तिच्या पोटातल्याचाही वाटा निघतो, आणि तो इतरांपेक्षा मोठा असतो. रितेशच्या सोनलला पाचवा लागलाय हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या आईने, नीराबाईने, ती बातमी पोटात ठेवलीच नव्हती. गावाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की गेल्या मंगळवारी अलिबागच्या दवाखान्यातून दोघं सगळं गमावून परत आली होती. तपासणीला गेली असतील, असं लोक धरून चालले. उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधीच सोनलने नवऱ्याकडून आणि सासूकडून शब्द घेतला होता, मी सांगेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. तेव्हापासून घरात गॅस असून नीराबाई चूल पेटवत होती. रडायला निदान धुराचं निमित्त तरी हवं.

“रितेशच्या घरचं, पोटातलं,” तात्यांनी पुकारलं.

ओ आली नाही. मघाच्या बाराने उठलेले बगळे पुन्हा तिवरांवर बसत होते. बाप व्हायला लाजतोय, असं कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली. एकाने रितेशच्या पाठीत थाप मारली. तो त्या पानाकडेच बघत राहिला. तात्यांनी त्यावर चांगला अर्धा नारळ ठेवला होता. ‘हाय’ म्हणावं तर ते खोटं, आणि वाट्याच्या जागी खोटं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. ‘न्हाय’ म्हणावं तर सोनलला दिलेला शब्द चारचौघांत मोडत होता. गप्प बसावं तर ते पान त्या ओल्या मातीवर जाऊन पडणार, मेलेल्या डुकराच्या वर. ते काही त्याला बघवलं नसतं. त्याला रडू फुटत होतं आणि लोक हसत होते.

तात्यांनी पुन्हा पुकारलं. या वेळी जरा लाडाने, दारात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसं.

“ये रं बाबा. घे तुजा वाटा.”

रितेशने तोंड उघडलं. ‘न्हाय’ अगदी ओठांवर आलं होतं.

“हाय,” मागून आवाज आला.

बायका फाटकापाशी थांबल्या होत्या. त्यांच्यातून सोनल पुढे आली. अजून नीट चालवत नव्हतं तिला, पण गरोदर बाई जपून चालते तसंच ते बघणाऱ्यांना वाटलं. तिने ओढणी पसरली. तात्यांनी पान त्यात ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखरूप सुटका होऊ दे म्हणाले. ती वाकून त्यांच्या पाया पडली. नीराबाईने तोंडात पदर कोंबला. शेजारणीला वाटलं, म्हातारीला आनंद आवरत नाही.

पुढचं नाव पुकारलं गेलं. सोनल येऊन रितेशच्या शेजारी उभी राहिली. ओढणीचा सोगा तिने दोन्ही मुठींत घट्ट धरला होता.

“उद्या कळंलच समद्यांना,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मंग काय सांगशील?”

“खरं काय ते सांगंन.” तिने ओढणीतल्या पानाकडे बघितलं. “पन आज माज्यानं ऱ्हावलं न्हाय. त्याला अजून कुणी हाकच मारली नव्हती.”