मुठीतले तांदूळ

“कहाणी अर्धी टाकून उठू नोको, देवका. मुठीत तांदूळ धर, हुंकार देत जा. हुंकार नाही भेटला तं सांगणारा थांबते, आन् गोष्टीतला जीव वाटेतच राहून जाते.”

सासूचा तो आवाज देवकाबाईंना आत्ता गोंदियाच्या रेल्वे मैदानावर, खुर्चीत अवघडून बसल्या बसल्या ऐकू येत होता. मुठीत तांदूळ होतेच. घरून निघताना पदराच्या गाठीला बांधून आणले होते. नवऱ्यानं, गावची जमीनदारी असलेल्या दुलीचंद मालगुजारांनी, सांगितलं होतं की आज गोऱ्या साहेबाच्या बाजात, म्हणजे बँडात, परीच्या गोष्टी आहेत. आणि गोष्ट म्हटली की तांदूळ आलेच.

दुलीचंदांनी आणखीही एक बजावलं होतं. तिथं तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. साहेबलोक बाजा ऐकताना खोकतसुद्धा नाहीत. ऑनररी मॅजिस्ट्रेटची जागा रिकामी होती, साहेबानं जोडीनं बोलावलं होतं, आणि वर्षभर बंगल्यावर पोचवलेला चिन्नोर तांदूळ आज फळाला यायचा होता.

देवकाबाई म्हणजे व्रतांची बाई. सोमवार, एकादशी, चतुर्थी. तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतःच्या तोंडात थेंब नाही. सासूनं मरताना दोन गोष्टी त्यांच्या ओटीत घातल्या होत्या. एक ही कहाणीची रीत. दुसरी शामकला, दुलीचंदांच्या पहिल्या बायकोची लेक. रीत देवकाबाईंनी कधी मोडली नाही. शामकला सौंदडला मामाकडे होती. तिथं दूधदुभतं भरपूर, पोरीला तिथलंच मानवतं, असं घरात ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं, ते आता कुणाला आठवत नव्हतं.

बाजा सुरू व्हायच्या आधी नागपूरच्या एका बाबूनं उभं राहून हिंदीत गोष्टीचं तोंड तेवढं उघडून दिलं. एक लहान मुलगी. आई मेलेली. सावत्र आईनं तिला जंगलात धाडून दिलं. पुढचं आता बाजाच सांगेल.

“कशी बाई असंल,” देवकाबाई शेजारच्या राजकुमारीला हळूच म्हणाल्या. डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. राजकुमारी त्यांच्या जावेची सून, तोंडाची फटकळ. पण आत्ता ती काकीकडं नुसती बघत राहिली.

मग बाजा लागला. सारंगीसारखं काहीतरी हनुवटीखाली धरून माणसं ओळीनं वाजवू लागली. त्यांच्यापुढं एक बासरी एकटीच निघाली. देवकाबाईंना लगेच कळलं, हीच ती पोर. ती पळे, थबके, पुन्हा पळे. मागून पितळी कर्णे वाघासारखे गुरगुरत. बासरी थबकली की हुंकार देवकाबाईंच्या गळ्याशी येई. त्या नवऱ्याकडं बघत, आणि तो गिळून टाकत.

तेवढ्यात लांबून मेलची शिट्टी झाली. साहेबाचा डबा त्या गाडीला जोडायचा होता. साहेब उठला. तो उठला म्हणून सगळे उठले. बँडमास्तरनं काठी खाली घेतली. बासरी सुराच्या मधेच तुटली.

देवकाबाईंनी मागं वळून पाहिलं. मैदान भरून माणसं, आणि एकानंही हुंकार दिला नव्हता. सांगणारा थांबणार नाही तर काय करणार?

“हूं,” त्या म्हणाल्या.

उठलेली माणसं वळून बघू लागली. दुलीचंदांचा हात पागोट्याकडं गेला.

“हूं. मंग?”

साहेबाच्या मडमेनं बाबूला विचारलं. बाबूनं घाम पुसत सांगितलं की बाई पुढं काय झालं म्हणून विचारते आहे. मडम हसली आणि परत खाली बसली. मडम बसली म्हणून साहेब बसला, साहेब बसला म्हणून मालगुजार बसले, आणि मेल स्टेशनात उभी राहून शिट्ट्या घालत राहिली. बँडमास्तरनं काठी उचलली. मग देवकाबाईंनी मोकळ्या गळ्यानं हुंकार दिला. शेवटी शेवटी तर मागं सतरंजीवर बसलेल्या बायकाही देऊ लागल्या.

टाळ्या झाल्या. साहेबानं दुलीचंदांचा हात हातात घेतला. असा रसिक श्रोता या मुलखात पाहिला नाही म्हणाला; अशा सुसंस्कृत घरातलाच माणूस आपल्याला मॅजिस्ट्रेट हवा होता. दुलीचंद फाटकापर्यंत भेटेल त्याला सांगत गेले की गाण्याचा कान आमच्या घरात, पूर्वज माळव्यात होते तेव्हापासूनचा आहे.

देवकाबाई बसूनच होत्या. मूठ मिटलेलीच. कहाणी संपली असं कुणी म्हणालंच नव्हतं. शेवटी मोठा ढोल दणाणला, कर्णे दणाणले, आणि त्या दणदणाटात बासरी काही ऐकू आली नव्हती. बाबू साहेबाबरोबर केव्हाच निघून गेला होता.

“राजकुमारी, पोरगी घरी आली का वं शेवटी?”

राजकुमारीनं पदर सावरला. “मले काऊन पुसता, काकी? ते तं सावत्र मायलेच मालूम.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओसरीवर पेढे वाटले जात होते. दुलीचंद आल्यागेल्याला मैदानावरची हकीकत सांगत होते, आणि सांगण्यात तो पहिला हुंकार हळूहळू त्यांचाच होत चालला होता. देवकाबाईंनी तुळशीला पाणी घातलं. स्वतः घेतलं नाही. कालचे तांदूळ पदराच्या गाठीला पुन्हा बांधले आणि परसदारानं स्टेशनची वाट धरली.

छोट्या गाडीच्या तिकीटखिडकीशी त्यांनी सौंदडचं तिकीट मागितलं.

“जाताचं एक,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आन् येताचे दोन.”