टाकीला पडलेली तीन भोकं

संग्रहालयातला जुना लष्करी ट्रक संचलनात न्यायचा होता. पण ब्रेकचं पॅडल दगडासारखं घट्ट झालं होतं आणि इंजिन थरथरत होतं. मिस्त्रीला गळती सापडली. मागच्या फळ्यांखालच्या, ब्रेकला जोर पुरवणाऱ्या व्हॅक्यूम टाकीला तीन भोकं होती.

"शत्रूच्या गोळ्या," संग्रहालयाचे प्रमुख, निवृत्त कॅप्टन म्हणाले. "फलकावर तसंच लिहू."

मिस्त्रीच्या थोरल्या भावाला लष्कराने अशाच ट्रकात चढवून नेलं होतं. 'वाटेत पळाला' असं घरी कळवल्यामुळे आई अजून त्याची वाट पाहत होती.

"साहेब, गोळ्या वरून, फळ्या फोडून आल्यात. इथं माणसं झोपवून मारलीत."

तपशिलातली चूक कॅप्टनसाहेबांना कधीच खपत नसे.



"झोपवून नाही, मिस्त्री. गुडघ्यांवर बसवून."