धुऱ्यावरची पऱ्हाटी

इस्रायलची ठिबकची शेती पाहून आलेले भालचंद्र सर धाडच्या शाळेत बोलायला उभे राहिले, तेव्हा ऐकायला आलेल्या शेतकऱ्यांत शकील मागच्या बाकावर बसला होता. दोघांची शेतं एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. सर पाण्याबद्दल थोडंच बोलले आणि नकाशाकडे वळले. देवानं दिलेली भूमी आजच्या सरहद्दीत मावत नाही, ती पार युफ्रेटिस नदीपर्यंत जाते, असं तिथले काही धर्मनिष्ठ लोक मानतात. त्यांना कडाडून विरोध करणारेही तिथलेच, हेही सरांनी सांगितलं. पण बोट त्यांचं नदीवरच राहिलं.

"सर, मधात जे लोक राह्यतात, त्याईचं काय?" शकीलनं विचारलं.

"तोच तर तिथला वाद आहे," सर हसले आणि नकाशा गुंडाळू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर धुऱ्यावर आले. शकीलच्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत, गुलाबी बोंडअळी पडली होती. या बियाण्याला अळी लागत नाही, असं ऐकून त्यानं बीटी लावलं होतं. आता सगळं उपटून जाळायचं आणि बायकोला, बिलकिसला, घेऊन जालन्याला कामाला जायचं, असं त्याचं ठरलं होतं. सरांचंही तेच म्हणणं पडलं. पऱ्हाटी उभी ठेवली तर अळी तिच्यात तग धरते आणि पुढच्या हंगामात दोघांच्याही रानात उठते.

मग निंबाच्या झाडाकडे पाहत ते सहज म्हणाले, "आमचे आजोबा सांगायचे, आपली हद्द त्या निंबापर्यंत होती. मागत नाही रे, सांगून ठेवतो."

निंब शकीलच्या शेतात, चांगला आत होता.

सर गेले तरी शकील तिथंच उभा राहिला. सरांनी आजवर वीतभर जमीन दाबली नव्हती, उलट अडल्या वेळी विहिरीचं पाणी दिलं होतं. पण पऱ्हाटी निघाली की रान मोकळं, आणि राखायला माणूसही नाही. पऱ्हाटी काढायची घाई सरांना नेमकी अळीसाठी होती की आणखी कशासाठी?

दुपारी बिलकिस पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन आली. शकीलनं तो तिच्या हातून काढून घेतला. जालन्याला जायचं नाही म्हणाला.

"काऊन?" तिनं एक बोंड तोडून त्याच्यापुढं फोडलं. "यात कापूस कुठी हाय? नुसती अळी हाय."

शकील निंबाकडे पाहत होता.

"असू दे. उभी तं हाय."