आठवी खेप

"आठव्या खेपेला निघालेला तो होडीवाला परत आलाच नाही," दिशा म्हणाली, आणि कल्याणच्या खाडीकाठी उभे असलेले वीसजण पाण्याकडे बघू लागले. एकाने तर डोक्यावरची टोपी काढली.

सगळ्यांच्या मागे उभा असलेला राघो खाली मान घालून राहिला. तो होडीवाला तोच होता.

दर रविवारी सकाळची ही दीड तासाची फेरी. किल्ल्याच्या बुरुजापासून निघायचं, खाडीच्या कडेकडेने जुना दगडी घाट बघायचा, जकातीची कौलारू इमारत बघायची आणि धर्मशाळेपाशी थांबायचं. रस्ता सपाट, म्हातारी माणसंही आरामात चालतात. शाळेत इतिहास शिकवणारी दिशा ही फेरी हौसेने चालवायची. तिची जाहिरात दिवा स्टेशनाजवळच्या घरी राघोच्या सुनेने, करिश्माने, मोबाईलवर वाचून दाखवली होती. 'पुरात सत्तावीस जणांना वाचवून स्वतः बुडालेल्या नावाड्याची गोष्ट.' राघोचा चहा तसाच गार झाला. तेव्हापासूनचा हा तिसरा रविवार. दोनदा तो तोंड न उघडताच परत गेला होता.

दोन हजार पाचच्या जुलैत राघो रेती काढायच्या होडीवर कामाला होता. पाणी चढलं तेव्हा होडी धर्मशाळेजवळच बांधलेली होती. वरच्या मजल्यावर अडकलेली माणसं हाका मारत होती. कुणी सांगायची वाट न बघता त्याने होडी सोडली आणि सात खेपा केल्या. सातव्या खेपेला एका बाईने खिडकीतून आपली मुलगी त्याच्या हातात दिली. होडीत आणखी जागा नव्हती. "तुम्हाला न्यायला येतो," असं तो तिला म्हणाला.

आणि तो निघालाही. निम्म्यात एक उन्मळलेलं झाड होडीवर आदळलं. होडी गिरकी घेऊन प्रवाहाला लागली आणि पार खालच्या वळणावर काठाला घासली. राघोने चिखलात उडी टाकली. दोर हातात होता. अंगात ताकद होती. पण त्याने एकदा वळून पाण्याकडे बघितलं आणि तो भ्याला. त्याने दोर सोडून दिला आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी कानावर आलं, धर्मशाळेची खाडीकडची भिंत कोसळली. ती खिडकी त्याच भिंतीत होती. पुढे काही विचारायची त्याची छाती झाली नाही. कुणालाही न कळवता गाव सोडून त्याने दिव्यात वॉचमनकी धरली.

खिडकीतली ती बाई उराशी घेऊन त्याने वीस वर्षं काढली होती. पण कुणी आपल्यासाठी टोपी काढावी, हे त्याला सोसवेना.

फोटो काढून लोक पांगले. दिशा घाटाच्या पायरीवर पाणी पीत बसली होती. राघो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाय, तो होडीवाला मेला नाय."

दिशा हसली. "काका, त्यांची फुटलेली होडी सापडली होती पुलाखाली."

"होडी सापडली. मानूस सापडला का?"

तिचं हसू मावळलं.

"तो मीच," राघो म्हणाला. "आठव्या खेपेला मी पोचलोच नाय. भ्यालो. दोर हातात होता, मी सोडला. एक बाय खिडकीत माझी वाट बघत गेली. तू लोकांना हे सांग. मला देव करू नको."

दिशाने पाण्याची बाटली पायरीवर ठेवली. मग तिने हळूच विचारलं, "त्या बाईंनी मुलगी दिली ना तुमच्याकडे? तिच्या अंगात काय होतं, आठवतंय?"

"शाळेचा ड्रेस. एकाच पायात बूट व्हता. सारखी त्या बुटासाठी रडत व्हती."

"ती मी."

राघोने हात जोडले आणि ते तसेच कपाळाला टेकवले. "तुझी आई मी मारली, पोरी."

"आई आहे," दिशा म्हणाली. "ठाकुर्लीला, माझ्याकडेच असते. भिंत पडायच्या आधी ती मागच्या कौलांवर चढली. सकाळी लष्कराच्या बोटीने काढलं तिला."

राघो तिथेच पायरीवर बसला. त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले. दिशाने त्याला रडू दिलं, पण तिचा चेहरा निवळला नाही.

"तिला वाटतं, तिला घ्यायला येताना तुम्ही बुडालात. माझ्यापायी एका माणसाचा जीव गेला, हेच घेऊन बसलीय ती. हसता हसता मध्येच गप्प होते. वीस वर्षांत ती या काठावर आलेली नाही. आणि तुम्ही दिव्यात होतात, काका. तीन स्टेशनांवर."

"तिला काय सांगू नको," राघो म्हणाला. "मी मेलेलाच बरा."

दिशा उठली. तिने पिशवी खांद्याला लावली.

"आज सर्वपित्री अमावास्या. आई दर वर्षी आजच्या दिवशी तुमचं पान वाढते. नाव माहीत नाही, म्हणून 'होडीवाले दादा' म्हणून हात जोडते. एवढ्या वर्षांत त्या पानाला एकदाही कावळा शिवलेला नाही. ती रडत बसते. म्हणते, दादांचा माझ्यावरचा राग अजून गेला नाही." तिने राघोला उठवायला हात पुढे केला. "चला. राग नाही, हे तुमच्या तोंडून ऐकू दे तिला."